दाजींच्या गाडीचा गॅस

आमचं मूळ गाव अंबरनाथच्या पलीकडचं, भातशेतीवाले आम्ही, पण शेतीत माझं मन नव्हतं म्हणून वडिलांनी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठच्या गॅरेजवर ठेवलं, तिथंच गाड्यांच्या एसीचं काम शिकलो आणि आता त्याच गल्लीत माझा स्वतःचा गाळा आहे. काम म्हणजे काय, तर गळती शोधायची. गॅस डोळ्यांना दिसत नाही, पाइपाच्या जोडांवर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. वाकून बघत बसायचं, हेच काम. कंबर गेली, डोळे गेले, काय सांगू तुम्हाला.

पण सांगायचंय ते दाजींचं. माझी थोरली बहीण बदलापूरला मांजर्लीत दिली आहे. दाजी एका कारखान्यात होते, तो बंद पडला, तेव्हा घरी बसलेल्या माणसाला मीच म्हणालो, दाजी, गाडी घ्या, भाड्यानं चालवा, एसीचं मी बघतो. माझ्या शब्दावर घेतली त्यांनी, ते ओझं माझ्या मनावर आहेच. पन्नाशी उलटल्यावर दिवसभर स्टिअरिंग धरायचं सोपं नाही. एकदा काटईच्या रस्त्याला डुलकी लागली आणि गाडी दुभाजकाला घासली. दाजींना काही झालं नाही, बम्पर मीच नवा बसवून दिला, पण ताईनं धसका घेतला. तेव्हापासून दर शनिवारी गाडीला लिंबू-मिरची ती स्वतःच्या हातानं बांधते. दाजी हसतात, म्हणतात, आमची गाडी ब्रेकवर नाही, हिच्या लिंबावर थांबते.

या उन्हाळ्यात त्यांचा एसी थंड करेना. गॅस भरला, आठवड्यात गेला. जोडांच्या रबरी रिंगा बदलल्या, परत भरला, परत गेला. दाजी गल्लीत सगळ्यांसमोर म्हणायचे, मेव्हणे, तुमचा गॅस माहेरी आलेल्या पोरीसारखा, चार दिवस राहतो आणि निघतो. मी हसायचो. पण पॅसेंजर उन्हात भांडून मधेच उतरायचे, धंदा बसत चालला होता त्यांचा. मग मला वाटलं आतली कूलिंग कॉइल गेली असणार, म्हणून अख्खा डॅशबोर्ड उतरवला, कॉइल धडधाकट निघाली, आणि परत बसवल्यापासून डॅशबोर्ड खड्ड्यात कटकट वाजायला लागला तो वेगळाच.

शेवटी गॅसबरोबर रंग सोडला, तो निळ्या टॉर्चखाली हिरवा चमकतो. सगळीकडे टॉर्च फिरवली. एकच जागा राहिली, पुढची जाळी, जिथं लिंबू-मिरची लटकत होती. दुसऱ्याच्या बांधलेल्या लिंबू-मिरचीला कोणी हात लावत नाही, मीही लावला नव्हता, दर वेळी तेवढी जागा सोडून बाकीचं तपासत होतो. त्या दिवशी मनातल्या मनात क्षमा मागितली आणि ती बाजूला केली. मागे हिरवं चमकलं. दोरा तुटतो म्हणून ताई तारेनं बांधायची, तार जाळीतून आत घालून मागच्या, एसीचा गॅस ज्यातून फिरतो त्या कंडेन्सरच्या पातळ नळीलाच वेढा द्यायची, लिंबू बदललं तरी जुनी तार तशीच, वेढ्यावर वेढे. गाडी हलेल तशी तार घासत होती, नळीला टाचणीएवढं भोक पडलं होतं.

दाजी टपरीवर चहाला गेले होते. मी तारा कापून खिशात घातल्या. ते आले, म्हणाले, सापडलं का काही. ताईचं नाव घेतलं असतं तर त्यांनी तिला जन्मभर ऐकवलं असतं, आणि दाजी बाहेर असताना तिच्या जिवाला तेवढाच आधार, तोही गेला असता. मी म्हणालो, दाजी, चूक माझीच, बम्पर बसवताना क्लिप आत दाबली गेली, तिनं नळी घासली. त्यांनी वाकून बम्परवर हात फिरवला. मग म्हणाले, तरीच. एवढंच.

कंडेन्सर नवा बसवला, गॅस टिकला. पण दाजी स्टँडवर सांगायचं ते सांगून बसले, तिथले ड्रायव्हर माझ्याकडे यायचे, ते आता कॅम्प एकला दुसरीकडे जातात. मी बोललो ते सगळंच खोटं नव्हतं म्हणा, पहिल्याच दिवशी तिथं हात घालायला हवा होता मी. ताईला फक्त म्हणालो, यापुढे दोऱ्यानं बांध, बाहेर नंबरप्लेटला, तार गंजते, डाग पडतात. ती म्हणाली, तू नको शिकवू रे मला, आधी तुझ्या हातून गॅस तर टिकू दे. आणि हसली, अगदी दाजींसारखी.

दोऱ्यानं बांधते आता, तेवढं ऐकलं तिनं. दाजी संध्याकाळी सुखरूप घरी येतात, दोघं बरोबर जेवायला बसतात आणि मला नावं ठेवतात म्हणे. ठेवू देत. घास गोड लागो त्यांना.