चमचाभर कॉफी आन् पावण्याचा मान

…आन् वरनं म्हणती, आण्णा, एप्रन बांधा. मला सांगती. चौऱ्याहत्तरावं सरलं माझं, उभा जन्म धोतराच्या सोग्याला हात पुसलं, आन् आता पोटाला काळं फडकं बांधून उभा ऱ्हातोय मी, गिरणीवरल्या माणसागत. बरं, बांधलं. तर त्येच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं नाव काढलंय, 'आण्णा'. म्हणलं हे कशापायी, मी काय जत्रंत हरवणार हाय व्हय? तर नुसती हसती. तुमास्नी सांगतो, उपकार हायत पोरीचं, न्हाई म्हणत न्हाई मी… पर माणसानं सोसायचं तरी किती?

पोरगी म्हंजी माझी नात, क्रांती. जयराजची थोरली. जयराज माझा ल्योक, मिल्ट्रीतनं सुभेदार होऊन आलाय, घरात बी परेडच घेतो. ही क्रांती शिकली, बेंगलोरला गेली, आमाला वाटलं कंपूटरवर बसती, तर ही तिकडं तीन वर्सं कॉफी करायला शिकत हुती. तीन वर्सं. आवं, आमची म्हातारी एका हातानं नातवंडाला धपाटा घालत दुसऱ्या हातानं च्या करायची, तिला कुणी शिकीवलं हुतं? आन् ही आली ती मशीन घिऊनच आली. एक जुना छोटा हत्ती टेंपो घेतला, त्येच्या पाठीवर मशीन बसीवलं, बाजूला फळी टाकली, दिव्यांची माळ सोडली, आन् म्हणती, लगीन असू दे, बारसं असू दे, कारखान्याचा कार्यक्रम असू दे, सातारा-सांगलीत जिथं बोलावतील तिथं गाडी न्यायची आन् कॉफी पाजायची.

जयराजनं सगळं ऐकून घेतलं, मिशीला हात लावला आन् हुकूम सोडला. "विट्याच्या लग्नाची आर्डर घेतलीस न्हवं? ती नीट पार पडली तर गाडी ऱ्हाईल. न्हाईतर मशीन इकायचं आन् गुमान ब्यांकेच्या परीक्षंला बसायचं."

आता ह्यात मी कुठं आलो? सांगतो की.

मी गुळव्या. चाळीस वर्सं गुऱ्हाळावर काहिलीम्होरं काढली. ऊसाचा रस उकळत असतोय, धा माणसं धा गोष्टी बोलत असत्यात, पर काहील चुलाणावरनं उतरायची कवा, ते मी सांगायचं. वासावर. कच्चा हाय, झाला, करपाय लागला… माझ्या तोंडनं 'उतरा' निघाल्याबिगार काहिलीला कुणी हात लावत नव्हतं, मालक सुदिक न्हाई. मंग समदा ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ मोडलं, काहील भंगारात गेली. तवापास्नं सा वर्सं मला कुणी काय इचारलंच न्हाई बगा. जेवला का, एवढं इचारती सून. ते बी तिला भांडी घासायची असत्यात म्हणून.

आन् एक दिस ही पोरगी म्हणती, आण्णा, गाडीवर चला, मला एकटीला फळी उचलत न्हाई. म्हंजी फळी उचलायला न्हेलं मला. इतका मोठा गुळव्या, आन् फळी. पर उठलो. खाटंवरनं उठायला काय तरी निमित्त मिळालं. उपकार हायत पोरीचं, न्हाई म्हणत न्हाई मी… पर तिचा तो कॉफीचा प्रकार बगितला आन् डोक्याला हात लावला.

अठरा ग्रॅम भुकटी. काट्यावर. एक कण जादा झाला तर परत काढती. मंग ती दट्ट्यानं चेपती, मशीनला अडकीवती, घड्याळाकडं बगती, मशीन रेड्यागत फुरफुरतं, आन् येवढा खटाटोप करून खाली पडतं काय? चमचाभर. आवं खरंच चमचाभर. आमच्यात आजारी कोंबडीला औषध पाजायचं तर ह्येच्यापेक्षा जास्त पाजत्यात.

तर विट्याचं लगीन. आप्पासोंच्या लेकीचं. आप्पासोंचं सेलमला गलाईचं दुकान, सोनं गाळायचं, तीस वर्सं तिकडंच. तिकडं ऱ्हाऊन माणूस कॉफीचा झालेला, म्हणून त्येंचा हट्ट, लेकीच्या लग्नात च्या दिसायचा न्हाई, कॉफीच पायजे, आन् आसली पायजे की सेलमच्या पावण्यांनी बी मान हलवावी.

सकाळी सातला मांडवाबाहीर गाडी लावली आन् क्रांतीचं नाक बंद. गच्च सर्दी. आता ह्या धंद्यात कसं असतंय, रोज पयलं दोन-चार कप करून चाखायचं, दळण जाड पायजे का बारीक ते ठरवायचं, आन् मंगच लोकांस्नी द्यायचं. हवा बदलली की दळण बदलावं लागतंय. ही कप नाकाशी धरती, वास न्हाई. घोट घेती, चव न्हाई. डोळ्याला पाणी, सर्दीचं का रडायचं कुणाला कळतंय? आन् तिकडं जयराज हात पाठीमागं बांधून उभा, पलटणीची तपासणी करावी तसा.

मला हळूच म्हणती, "आण्णा, तुमी चाखा."

मी म्हणलं, मी गुळाच्या च्याचा माणूस, मला त्यातलं काय कळतंय? पर पोरीचं तोंड बगितलं आन् घेतला घोट. तुमास्नी खोटं वाटंल… घोट घेतला आन् नाकात काहील आली. तोच वास. म्हणलं, करपलीय, तळ लागल्यागत कडू हाय, दळण जाड कर. तिनं केलं. दुसरा कप. म्हणलं, आता कच्ची हाय, कवळ्या रसागत आंबूस, येवढी जाड नगं. तिसरा. चौथा. तिला म्हणलं, अजून केसभर बारीक. पाचव्या कपाला कडूच्या मागनं गोडी आली, पार जिभंच्या मुळापतुर, आन् माझ्या तोंडनं आपसूक निघालं, "उतरा."

उतरायला तिथं काय नव्हतं. पर पोरीला कळलं. तिनं फळी उघडली.

आन् काय गर्दी झाली म्हणता. सेलमचं पावणं तर परत परत रांगंला. मी आपला कप पुसतोय, फळी पुसतोय, पुसलेली परत पुसतोय, गाडीचं टायर सुदिक पुसून काढलं, मला वाटलं, उल्हास वाटाय लागलाय जिवाला. पाच कप पोटात गेलं हुतं हे कुणाच्या ध्यानात?

आता खरा घोळ ऐका. अक्षता बारा पस्तीसला. आन् अकराला कळलं, नवऱ्याचा चुलता रुसला. हंबीरराव. फेटं बांधताना त्येस्नी तिसरा नंबर दिला, हे कारण. लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून मांडवाकडं पाठ करून बसलं. मेव्हणा जाऊन आला, आप्पासो हात जोडून आलं, नवऱ्याचा बाप जाऊन आला. ढिम्म न्हाई. आन् नवऱ्याचा बाप म्हणतोय, भाऊ उठल्याबिगार मी अक्षतांला उभा ऱ्हात न्हाई. झालं. वाजंत्रीवालं गप, बायका कुजबुज कुजबुज. आप्पासो घामाघूम होऊन माझ्याकडं आलं, म्हणलं, आण्णा, तुमी वयानं वडील हाय, काय तरी गरम न्हेऊन द्या, तुमाला न्हाई म्हणायचं न्हाईत.

गेलो कप घिऊन. हंबीररावांनी कपात बगितलं, माझ्याकडं बगितलं. "हे काय, देवाचं तीर्थ हाय?"

तुमास्नी सांगतो, कान तापलं माझं. त्येंचं काय चुकलं? रुसलेला पावणा, आन् त्येच्या हातात चमचाभर? आमच्या गुऱ्हाळावर वाटसरू आला तरी त्येला तांब्याभर रस मिळायचा, आन् वर हातावर गरम गूळ. मान असतोय पावण्याचा. आलो परत. क्रांती रांगंत गुतलेली, बटन दाबाय मला येतंय, दाबलं. एक कप, दोन कप, तीन, चार. समदं एका स्टीलच्या ग्लासात वतलं, खिशातला गुळाचा खडा त्यात टाकला, ढवळलं. आता कसं, दिल्यागत वाटाय लागलं. हंबीररावांनी ग्लास बगितला, आन् मिशी जराशी हालली. दिलेलं पावण्यानं टाकायचं न्हाई, ही बी आमच्यातली रीत. एका दमात रिकामा केला.

परत आलो तर क्रांती इचारती, ग्लास कुठं हाय? म्हणलं, चुलत्याला दिला. भरून. काय भरून? म्हणलं, कॉफी, चार कपाची.

पोरगी फळीमागं मटकन खालीच बसली. "आण्णा, ती चार माणसांची हुती. त्येंचं बीपी असलं म्हंजी?"

आन् जयराज हुता तिथंच. मशीनकडं बगाय लागला, इकायला काढल्यागत. मला म्हणली पोरगी, जावा, त्येंच्याजवळ बसा, पाणी पाजा, काय झालं तर हाक मारा. गेलो, बसलो. काय सांगू त्या पंधरा मिंटांचं… गुळाची काहील करपली तर दुसरी चढीवता येती, माणसाचं काय करायचं? औंधच्या यमाईला नवस बोललो, नारळ बोललो, साडी बोललो, सुनंच्या हातनं बोकड बी बोललो, तिला न इचारता.  मंग हंबीररावांचा एक गुडघा हालाय लागला. मंग दुसरा. मंग म्हणलं, "आण्णा, ह्या पोरास्नी फेटा बांधायची अक्कल हाय का हो?" आन् उठलं.

उठलं ते थांबलंच न्हाईत, बाबा. मांडवात गेलं, नवऱ्याचा फेटा सोडून परत बांधला, भावाचा बांधला, वाजंत्रीवाल्याचा बांधला, पस्तीस फेटं बांधलं एका दमात, भटजीला म्हणलं, आवरा, कशाची वाट बगताय? अक्षता येळंत पडल्या. त्येच्यावर पंगतीत वाढायला हेच, बुंदी घिऊन पळत्यात, म्हातारी माणसं नगं नगं म्हणत्यात आन् हे ढीग लावत्यात. पाच वाजता नवरी वाटंला लागली तर गाडीमागं सगळ्यात पुढं कोण? हंबीरराव. आप्पासोंनी माझं दोन्ही हात धरलं, डोळं भरलेलं. म्हणलं, आण्णा, लेकीचं लगीन तुमी तारलंत. मी केलं काय? नुसता ग्लास तर दिला हुता.

घरला येताना जयराज गाडी चालवत हुता. विटा सुटलं, घाट आला, गेला. मंग म्हणला, "पुढची तारीख कंची हाय?" बास, येवढंच. पोरीनं खिडकीबाहीर तोंड केलं.

क्रांतीनं मला दम दिला त्यो येगळा. आता फळीवर पाटी हाय, एका माणसाला एकच कप, आन् खाली बारीक, आण्णांकडं मागू नये. उपकार हायत पोरीचं, न्हाई म्हणत न्हाई मी… पर पाटी जरा जास्त झाली, का न्हाई?

म्होरल्या आठवड्यात औंधला एका मास्तरांची साठी हुती. पोरीची सर्दी गेलेली, नाक मोकळं. मला कळलं, आपलं काम संपलं. फळी उचलून दिली आन् गपचिप देवीच्या वाटंकडं जाऊन उभा ऱ्हायलो, नवसाचा हिशेब करत. लांबनं बगत हुतो. तिनं कप केला, वास घेतला, घोट घेतला, मान डोलीवली. आन् मंग कप हातात घिऊन तशीच चालत माझ्यापतुर आली. म्हणली, आण्णा, तुमी सांगा.

आता तिला काय कळलं नव्हतं? समदं कळलं हुतं. मी घोट घेतला. तुमच्यापशी कशाला लपवू, एक नंबर झाली हुती. पयल्याच कपाला.

मी म्हणलं, जरा कच्ची हाय.

गेली बिचारी, परत केली, परत आली. तवापास्नं हेच चाललंय. कराडला कच्ची, मिरजंला कच्ची, काल वाईला बी कच्ची. ह्या वयात रोज सकाळी उठून खोटं बोलावं लागतंय… काय करता? झाली म्हणलं तर दुसऱ्यांदा कोण इचारणार?