एक्का, दुर्री, तिर्री

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. दिलेला शब्द मोडणारा माणूस आपण लांबून ओळखतो. पण शब्द तसाच ठेवून नियमच बदलणारा? तो ओळखता येतो का? आणि तो आपल्याच पंगतीत, आपल्या शेजारच्या पाटावर बसलेला असला तर?

उत्तर आत्ता नको. आधी गोष्ट ऐका. गोष्ट पत्त्यांची आहे... दचकलात ना? देवळात पत्ते? अहो, मी पिसून वाटत नाहीये, सांगतोय फक्त.

वाईला मनोहरपंत देवस्थळी म्हणून गृहस्थ होते. निवृत्त हेडमास्तर. माणूस सरळ. कुणाचं कुंपण हललं, भावाभावांची वाटणी अडली, की लोक त्यांच्या ओसरीवर यायचे आणि पंत म्हणतील ते मान्य करून जायचे. याचा पंतांना अभिमान होता. असावाच.

यांच्याकडे पाडव्याच्या दुपारी तीनपत्ती खेळायची रीत. पैसे नाहीत हो, चिंचोके! आणि या खेळाचं असं आहे, की घर बदललं की नियम बदलतो. कुणाकडे जोकर चालतो, कुणाकडे तो खोक्यातच राहतो. वाटणारा 'मुफलिस' म्हणाला, की सगळं उलटं, ज्याची पानं सर्वांत हलकी तो जिंकला. मागं खांबापाशी एक काका मान हलवतायत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती दिसते.

पण सगळ्यात मोठा वाद एक्क्याचा. लागोपाठची तीन पानं आली, तर मोठं कोण? एक्का-राजा-राणी, की एक्का-दुर्री-तिर्री? काही घरं इकडची, काही तिकडची. देवस्थळ्यांकडे पंतांच्या वडिलांनीच ठरवून दिलं होतं: एक्का-दुर्री-तिर्री मोठी. तिथं राजाराणीचं काही चालत नाही.

त्या वर्षी घरात नवी सून आली होती. ऋता. वकिलीचं शिक्षण थोडं राहिलेलं. लग्न ठरतानाच पंतांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता, "दिवाळी झाली की पोर पुण्याला जाऊन राहील, परीक्षा देऊनच परत येईल." तिची बॅगही भरून तयार होती.

डाव सुरू झाले. ऋता शांतपणे खेळत होती आणि जिंकत होती. पंत हरत होते. त्यांचा धाकटा भाऊ वसंता काही गप्प बसणाऱ्यातला नव्हे. "दादा, गावातली सगळी पोरं तू पास केलीस. आता तुला कोण पास करणार?" सगळे हसले. पंतही हसले, पण ते हसणं ओठांपुरतंच.

मग पंतांची पाळी आली. त्यांनी पानं वाटली आणि म्हणाले, "साधाच डाव." वसंताने पानं टाकली. पंतांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी टाकली, मुलगा श्रीरंग, म्हणजे ऋताचा नवरा, त्यानेही टाकली. उरले सासरे आणि सून. मध्ये चिंचोक्यांचा ढीग वाढत चालला. शेवटी ऋताने शो मागितला, म्हणजे दोघांनी पानं उघडायची.

पंतांनी पानं मांडली. एक्का, राजा, राणी. ऋताने मांडली. एक्का, दुर्री, तिर्री.

पंतांचा हात आधीच ढिगावर गेला होता. तो मागं आला नाही. "राजाराणी मोठी," ते म्हणाले.

आता इथं बघा हं. खरं काय ते माहीत असलेली तिघं माणसं त्या खोलीत बसली होती. वसंता सुपारी कातरायला लागला. कुमुदिनीबाई चकल्या आणायला उठल्या. श्रीरंग पानं गोळा करू लागला. खोटं कुणी बोललं नाही, मंडळी. कुणी काहीच बोललं नाही.

"आमच्याकडे उलटं आहे," ऋता म्हणाली. "बरं, इथं असं असेल."

संध्याकाळी श्रीरंग तिला हळूच म्हणाला, "खरं तर तो डाव तुझा होता. आमच्याकडेही दुर्री-तिर्रीच मोठी. बाबांचं मनावर घेऊ नकोस."

"मग तू का नाही बोललास?"

"चिंचोक्यांवरून सणाच्या दिवशी कुठं वाद घालायचा?"

ती उठली आणि खोलीत बॅगेपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी पंतांना दिसलं, सुनेची बॅग रिकामी आणि कपडे परत फळीवर. "का गं? उद्या निघायचंय ना?"

"ठरलं होतं तसं," ऋता म्हणाली. आवाजात राग नाही, टोमणा नाही. "पण बाबा, या घरात ठरलेलं केव्हा बदलतं, ते मला अजून कळत नाही. आज काय ठरलंय ते सांगा, म्हणजे तशी भरते."

पंत संतापले. चिंचोक्यांवरून एवढं? चपला घालून ते तरातरा घाटावर गेले. तिथं एक शेजारी भेटला. त्याचं बांधाचं भांडण होतं. "पंत, तुम्ही म्हणाल ते खरं," तो म्हणाला. रोजचंच वाक्य, पण त्या दिवशी पंतांना ते ऐकवेना. "आज मला विचारू नकोस," म्हणाले आणि घराकडे वळले.

दुपारी ओवाळणी झाली, जेवणाची ताटं मांडली. सगळे बसल्यावर पंत म्हणाले, "कालचा शेवटचा डाव ऋताचा होता. आपल्याकडे दुर्री-तिर्री मोठी. मला ते ठाऊक होतं."

वसंता हसून म्हणाला, "जाऊ दे रे दादा, चिंचोके तर होते."

"तेच तर," पंत म्हणाले. "चिंचोक्यांसाठी मी एवढं केलं."

वाढणाऱ्या कुमुदिनीबाईंचा हात थांबला. ऋताने सासऱ्यांकडे पाहिलं. "बॅग भरू मग?"

"भर. तुझ्या वडिलांना शब्द दिलाय, तो तसाच आहे."

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्याकडे जास्त वेळ पाहिलं. श्रीरंगची मान खाली गेली. ताटावरचा घास तसाच राहिला. "मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. ती "हो" म्हणाली, आणि जेवायला लागली. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली.

मंडळी, इतका वेळ तुम्ही पंतांकडे बघत होतात. पंतांचं काय, त्यांनी चार माणसांत कबूल केलं आणि ते मोकळे झाले. मला विचारायचंय ते त्या बाकीच्या तिघांबद्दल. आपल्या घरात कुणी मोठं माणूस पानं वाटून झाल्यावर नियम बदलतं, समोरची नवी असते, लहान असते, तिला खरं ठाऊक नसतं. आपल्याला ठाऊक असतं. तेव्हा आपण काय करत असतो?

मोठ्याने सांगू नका. शेजारी घरचीच माणसं बसली आहेत. डोळे मिटा, नारायणाचं नाव घ्या, आणि त्यालाच सांगा.