तफीदाबाईंचा गरुड

— नाही म्हणजे नाही, रिफअतभाऊ, शिक्का आमच्या घरात नाही. तुम्ही कचेरीतून तिसऱ्यांदा आलात म्हणून तो काही जमिनीतून उगवणार नाही. बसा, चहा घ्या, आणि ती भाकरी खा गरम आहे तोवर. उद्या मिखाएल देवदूताचा सण, त्याच्या नावाची भाकरी आहे, तिला नाही म्हणू नये. आमचा उपवास चालू आहे म्हणून तुपाऐवजी तेलातली, पण आजीच्या हातची. ती काय तिकडे भट्टीशी बसलीय — माझ्या बाबांची आई. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण भट्टीवरचा हक्क सोडत नाही. आणि साहेबांचा निरोप कळला मला, परत सांगू नका. आज शिक्का मिळाला नाही तर उद्या पोलिसात आईच्या नावाने तक्रार. उद्याच बरी सापडली त्यांना. आई गेली त्याचा उद्या चाळिसावा दिवस, भाऊ. इकडे चर्चमध्ये मिस्सात आमचे धर्मगुरू अबूना तिचं नाव घेणार, तिकडे फौजदारही तिचंच नाव लिहिणार. आपल्या मल्लवी गावात एका दिवसात एवढा मान कुणाला मिळाला नसेल.

मला काय कळत नाही का? कळतं. सरकारी गरुडाचा शिक्का बसल्याशिवाय कागदाला कागद म्हणत नाहीत. जन्मलेलं पोर जन्मलेलं नाही, मेलेला म्हातारा मेलेला नाही, सगळे अधांतरी. कालच बाजारात एकजण मला म्हणाला, तुझी आई स्वर्गात गेली आणि आम्हाला इथे लोंबकळत ठेवून गेली. पण दाखल्यांवर शिक्का मारायचं काम तिचं, म्हणून चोर ठरवायचं तिला? जिने कचेरीची टाचणी कधी घरी आणली नाही? पदराला चुकून लागून आली तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन टोचायची. तो शिक्का कचेरीच्या कपाटात असायचा, कपाटाला कुलूप, बाहेर म्हणून जायचा नाही.

म्हणजे — चर्चच्या अंगणात तेवढा जायचा. अहो, तसं बघू नका. कचेरीची सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारी ख्रिस्ती नोकरांना मिस्सा करून उशिरा यायची मुभा आहे ना, आणि मिस्सा आमची लांब, अबूनांचा गळा चांगला. तोवर रांग ताटकळायची. मग गावोगावचे शेतकरी चर्चच्या दाराशीच यायला लागले. सगळे मुसलमान, पण मिस्सा कुठवर आली हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. एकजण तर आत डोकावून विचारायचा — तफीदाबाईंनी प्रसाद घेतला का, की अजून पापक्षमा चालू आहे? आई बाहेर आली की एकाने वाकायचं, त्याच्या पाठीवर दुसऱ्याचा कागद ठेवून शिक्का मारायचा, मग पहिल्याचा. मी म्हणायचे, आई, हे देवाचं घर आहे. ती म्हणायची, देवाला रांग आवडत नाही.

नोकरी तशी केली तिने. रमजानमध्ये सगळी कचेरी उपाशी असते म्हणून ही पाणीसुद्धा जिन्याखाली लपून प्यायची. आणि आमच्या उपवासात, दूधदुभतं चालत नाही तेव्हा, हाज्जा सादिया — शेजारच्या टेबलावरची, ओळखता ना — ती चीजचा तुकडा घेऊन त्याच जिन्याखाली. एकमेकींना दिसू नये म्हणून लपायच्या आणि तिथेच भेटायच्या. मग एका वर्षी दोन्ही उपवास एकत्र आले. जिना रिकामा. फक्त तुमचे साहेब, मधुमेह आहे ना त्यांना, ते तिथे एकटे अंडं खाताना सापडले. हे साहेबांना सांगू नका. लिहूनही घेऊ नका.

खात का नाही? उलटसुलट काय बघताय? शिक्का वाकडा असेल भाकरीवरचा, हो ना? आजीला दिसत नाही म्हटलं ना. सकाळपासून कुरकुरतेय, क्रूस उमटवायचा लाकडी साचा उन्हाने आकसला म्हणून. मी म्हटलं, आजी, क्रूस लहान झाला तरी क्रूसच. खा.

तर सांगत काय होते — कपाट. कपाटाला कुलूप होतं खरं, पण ते कुलूप चहाच्या चमच्याने उघडायचं. आईच्या जिवाला चैन पडेना. सरकारची अब्रू चमच्यावर कशी ठेवायची? म्हणून तिने एक थैली शिवली, गळ्यात घालायची, आत शिक्का. क्रूसाशेजारी. झोपतानासुद्धा काढायची नाही. बाबा होते तेव्हा म्हणायचे, आपल्या दोघांमध्ये हे सरकार कशाला?

आता तुमच्या लक्षात आलंच असेल की — बरं, हो. यायचा घरी. रोज यायचा. पण चोरून नाही, भाऊ, सांभाळायला यायचा. तान्ह्या पोरासारखा. कपाटात राहिला असता तर कधीच कुणीतरी उचलला असता, आणि मग तुम्ही तक्रार कुणाच्या नावाने केली असती? तिच्याच.

आणि आम्ही शोधला नाही असं नाही. तिला अंघोळ मीच घातली. गळ्यात क्रूस होता, थैली नव्हती. गाद्या उसवल्या, कबुतरांचं खुराडं झाडलं. थैली तिने काढली असणार, कारण त्या दिवशी ती पीठ मळत होती, आणि मळताना थैली लोंबते, पिठात जाते. हाज्जा सादियाच्या लेकीचं लग्न होतं, तिच्यासाठी गोड बिस्किटं. मळता मळताच बसली खाली. मला म्हणाली, ओलं फडकं टाक गं यावर, सुकेल. मी फडकं टाकून वळले तोवर — असो. बिस्किटं हाज्जाने येऊन भाजली. रडत होती आणि भाजत होती. साच्याशिवाय, नुसती गोल. साच्यांची पेटी मग उघडलीच नाही. सुतकाच्या घरात चाळीस दिवस सणाचं काही भाजायचं नाही, साच्यांना हात लावायचा नाही. आज सकाळी आजीने उघडली. म्हणाली, देवदूताला सुतक नसतं, आणि तुझ्या आईचा दरवर्षीच्या भाकरीचा नवस मी मोडू देणार नाही —

पेटी.

थैली काढली की ती साच्यांच्या पेटीत ठेवायची. नेहमी.

आणा बघू ती भाकरी इकडे. आणा म्हणते ना. ही निळी झाक कसली? शाई? आणि हे — हे पंख.

आजी. ए आजी. हातातलं खाली ठेव. दे इकडे. हा साचा नाहीये गं, हा — किती भाकऱ्या झाल्या? आणि कुणाकुणाकडे गेल्या? अबूनांकडे. हाज्जाकडे. बरं. आणि? साहेबांकडे? सगळ्यात आधी साहेबांकडे? दरवर्षी आई पाठवायची म्हणून. हो, आजी, बरोबर केलंस. नाही, कुणी रागावत नाही तुला.

हसताय काय, भाऊ? घ्या हा तुमचा गरुड. थांबा, नाकात पीठ गेलंय त्याच्या, पुसून देते. राहू दे? बरं, राहू दे. आईचंच पीठ असेल खालच्या थरात.

ती भाकरी इथे ठेवायची नाही. उभ्या उभ्या खा. तुकडासुद्धा खाली पडता कामा नये, पंखाकडचाही नाही. साहेबांची खाऊन झाली असेल, म्हणजे तिकडे पुरावा उरला नाही, इथे उरू देऊ नका. विचारलं तर म्हणावं, कपाटामागे सापडला. जिन्याखालच्या. म्हणजे ते पुढे काही विचारणार नाहीत.

आणि उद्या मिस्साला या. गर्दी होईल, आधी येऊन जागा धरा.

जा आता. रांग थांबलीय.