जमलं तर ये

सांगतो, पण मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. एकच गोष्ट दहा वेळा वदवून घेता आणि वर चहा पाजता तो पण अर्धा कप.

माझी नात कॉलेजात भाषा शिकते. परवा मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून म्हणाली, "आजोबा, एक जर-तरचं वाक्य बोला."

मी म्हटलं, "जमलं तर ये."

"हे कोणाचं?"

"माझ्या धाकट्या भावाचं, दत्तारामचं. पोरीच्या हळदीचं आवतण त्याने मला खोपटच्या एसटी डेपोत उभ्या उभ्या दिलं. आमच्यात मोठ्या भावाच्या घरी नारळ घेऊन यायचं असतं. मी गेलोच नाही."

"आणि 'ये, जमलं तर' म्हणाला असता, तर?"

हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. "मग गेलो असतो," म्हटलं. "'ये' ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतो?"

नात खूश. "म्हणजे अट आधी आली की दारातच आडवी उभी राहते!" म्हणाली आणि लगेच दत्तारामला स्पीकरवर फोन लावला.

तो म्हणाला, "शब्द आठवत नाहीत गं. पण दादा येईपर्यंत आम्ही हळद थांबवलेली. पोरगी रडायला लागली, तेव्हा लावली."

मी नातीच्या हातातून फोन घेतला. ओरडलो, "मग न्यायला का नाही आलास?"



आता रविवारी साडी घेऊन पुतणीकडे जातोय. तिची माफी मी मागेन. माझी मागायचीय ती दत्तारामने.