भाड्याच्या गाडीला नवे टायर

काही म्हणा, आमच्या वहिनीला मानलं पाहिजे! झरीहून परभणीला शाळेची लेकरं न्यायला तिनं सालभराच्या करारावर व्हॅन घेतलेली. करार संपायला महिना उरला आन् टायर पार गुळगुळीत.

मी म्हणलो, "वहिनी, परत द्यायच्या गाडीला नवे टायर कशाला टाकायलाव?"

"महिनाभर लेकरं ह्याच्यावरच जाणार ना? आन् भाऊजी, शेजारणीचा डबा तरी आपण रिकामा परत देतो का?"

टाकले की चारी! मी कपाळावर हात मारला.

मालक गाडी न्यायला आला आन् टायर बघतच राहिला. मी त्याला डब्याचं सांगितलं. गडी लय हसला, चावी वहिनीच्याच हातात ठिवली.

"डबा भरून आला, ताई. आता भरून द्यायची पाळी माझी. चालवा अजून सालभर!"