नाशकात बेसिकचं पुस्तक मिळत नाही

दुपारचे सव्वाबारा. महात्मा गांधी रोडवरचं पुस्तकांचं दुकान. साल चौऱ्याण्णव, एप्रिल महिना. आणि दुकानदार मला विचारतोय, "कितवीचं?"

अहो, कितवीचं काय कितवीचं! तुम्हाला सांगतो, वीस वर्षं बातमीदारी केली, मंत्र्याला भर पत्रकार परिषदेत घाम फोडला, पण हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. म्हटलं, बाबा रे, बेसिक नावाची संगणकाची भाषा आहे, नवशिक्यांसाठीच काढलेली, तिचं नवशिक्याला कळेल असं पुस्तक दे. तर म्हणतो, "इयत्ता सांगा ना साहेब, इयत्तेशिवाय कसं शोधू?" साधं एक पुस्तक हो!

आता ते मला नको होतं. मी अजून शाईचं पेन वापरतो, मला काय करायचाय संगणक? हवं होतं सविताला. सविता आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत टायपिस्ट. मखमलाबादची, घरी झेंडूचा मळा, आई गोजराबाई फुलबाजारात पाट्या घेऊन बसते, आणि ही पोरगी बीकॉम होऊन आमच्याकडे जाहिराती टाइप करते. एक दिवस अंबडच्या एका कारखान्याची जाहिरात आली. संगणक विभागात एक जागा, पदवीधर हवा, बेसिकची लेखी परीक्षा, सहा आठवड्यांनी. ती जाहिरात अख्ख्या नाशकात सगळ्यात आधी कोणी वाचली? हिनं! टाइप करता करता! मशीन थांबलं म्हणून मी मान वर केली, कारण सविताचं मशीन कधी थांबत नाही.

"सर, हे शिकायला काय लागतं?"

आणि मी... काय गरज होती?... छाती काढून म्हणालो, "काय लागतं? एक पुस्तक लागतं! संध्याकाळपर्यंत आणतो."

कुठल्या संध्याकाळपर्यंत, ते नव्हतं सांगितलं, एवढंच बरं.

तर त्या दुकानदारानं शेवटी शिडी लावली आणि वरून एक इंग्रजी ग्रंथ काढला, विटेएवढा. "इंजिनिअरिंगची मुलं हेच नेतात." म्हटलं, त्यांना समजतं? "ते मला काय माहीत? परत आणून कोणी देत नाही." घेतला. पहिली साठ पानं इतिहास! मणी सरकवायच्या पाटीपासून सुरुवात! दुसऱ्या दुकानात गाइड मिळालं, त्यात 'संगणकाचे फायदे लिहा, संगणकाचे तोटे लिहा', आणि त्याआधी... पाटी आणि मणी! तिसरं नाशिक रोडहून आणलं, पाटी! मणी! पंधरा दिवसांत सविता त्या मण्यांवर निबंध लिहू शकली असती, पण यंत्राकडून स्वतःचं नाव दहा वेळा कसं लिहून घ्यायचं, ते एका पुस्तकात असेल तर शपथ! साधं एक पुस्तक हो!

मग एका वाचनालयात गेलो. तिथल्या कलाबाईंनी खण उघडला, कार्डं चाळली... सापडलं! 'बेसिक: सोपी ओळख.' मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तर कलाबाई शांतपणे, "कार्ड आहे. पुस्तक नाही." का नाही? "ज्यांनी नेलं त्यांची नांदेडला बदली झाली." मग पत्र पाठवा! "पाठवलं की. उत्तरही आलं." काय म्हणतात? "पुस्तक फार छान आहे म्हणतात. वाचून झालं की धाडतो."

आता राहिला क्लास. कॉलेज रोडवर, काचेचं दार, आत थंडगार. "चपला बाहेर!" हे क्लासमधलं पहिलं वाक्य, आणि मला विचाराल तर समजण्यासारखं शेवटचं. तिथले सुनील सर म्हणाले, "पुस्तक कशाला? आमच्या नोट्स आहेत ना." त्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. अकरावं पान पूर्ण काळं. सविता बिचारी उभी राहून, "सर, हे पान दिसत नाही." सर म्हणाले, "ते नाही इतकं इम्पॉर्टंट." ही म्हणाली, "मग तोंडी सांगता का?" तर सर, "तोंडी कशाला? नोट्समध्ये दिलंय!"

काळ्या पानावर काय होतं ठाऊक आहे? अनुक्रमणिकेत होतं म्हणून कळलं. तेच तेच काम यंत्राकडून पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं आणि कुठं थांबवायचं, ते. म्हणजे सगळा जीवच त्या विद्येचा!

पण पोरगी चिवट. कचेरीतला एकुलता एक संगणक काचेच्या खोलीत, मॅनेजर म्हणे, आत माणूस गेला की धूळ जाते. मग ही यंत्राला द्यायच्या आज्ञा वहीत लिहायची. दहा, वीस, तीस, अशा ओळींना आकडे घालून. आणि बोट ठेवून वहीतच चालवायची, स्वतःच यंत्र होऊन. पुन्हा पुन्हावालं काम आलं की बोट अडायचं. माझ्याकडे बघायची. मी खिडकीबाहेर बघायचो.

शेवटी मला आला राग. बातमीदाराला राग आला की तो काय करतो? लिहितो! 'नाशकात बेसिकचं पुस्तक मिळत नाही', तीन कॉलम, माझ्या नावानिशी! या शहरात नोटा छापतात, इथली द्राक्षं विलायतेला जातात, आणि शिकू पाहणाऱ्या मुलीला साधं एक पुस्तक नाही? असं सोलून काढलं सगळ्यांना! रविवारी छापून आलं. त्याच रविवारी सविताची परीक्षा. सोमवारी आली आणि म्हणाली, "एक प्रश्न सोडला सर. पुन्हा पुन्हावाला. वीस मार्कांचा."

बुधवारी कचेरीत एक गृहस्थ आले. पायात धुळीच्या चपला, हातात माझाच लेख. दत्तू गावित, सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतले शिक्षक. शाळेला कुणीतरी एक संगणक दिलेला, त्यावर हे आपापले शिकलेले.

"साहेब, तुम्ही लिवलंय पुस्तक नाय. मंग मी तुम्हाला काय पाठवलं?"

मी म्हटलं, मला? काय पाठवलं?

"बेसिकचं पुस्तक. मीच लिवलंय. अभिप्रायासाठी दोन प्रती, जानेवारीत, रजिस्टर पोस्टानं." आणि खिशातून पोचपावती काढली. "ही तुमचीच सही नाय का?"

माझीच होती. अगदी झोकदार.

आता तुम्हाला आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. अभिप्रायासाठी आलेलं पुस्तक कोणी उघडत नाही. सही करायची, टेबलावर टाकायचं. आणि वर्तमानपत्राचे कागद सुटे, पातळ, लिहायला खाली काहीतरी टणक लागतंच. मी म्हटलं, गावित सर, पोस्टात घोटाळा असेल, शोधतो मी... तर ते माझ्या टेबलाकडे बघत म्हणाले, "त्ये काय! तुमच्या हाताखाली!"

चार महिने! चार महिने मी त्या बंद पाकिटावर कागद ठेवून बातम्या लिहीत होतो! पुस्तक मिळत नाही हा लेखसुद्धा त्याच्यावरच लिहिला हो!

सवितानं पाकीट फाडलं. उभ्यानंच वाचायला लागली. पहिल्या पानावर पाटी नाही, मणी नाही. 'यंत्र सुरू करा. घाबरू नका, तुमच्या हातून ते मोडणार नाही.' आणि मध्ये कुठंतरी ते पुन्हा पुन्हावालं. भाताची रोपं लावताना एक ओळ झाली की पुढच्या ओळीला लागायचं, वावर संपलं की थांबायचं, यंत्राला एवढंच सांगा. खाली चार ओळी. सवितानं बोट ठेवलं. बोट अडलं नाही.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

गावित सरांना बिचाऱ्यांना काय माहीत! खुशीत विचारतात, "कळतंय ना बाई?"

"कळतंय सर. आता कळतंय."

निकाल लागला. सविता दुसरी आली. जागा एक. त्या कारखान्यानं पुन्हा तशी परीक्षा घेतली नाही. फुलबाजारात गोजराबाईंनी मला गाठलं. "साहेब, सगळ्या गावाच्या चुका छापता, मग ही बी छापा की." भोवतीच्या बायका हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार?

छापा म्हणाल्या ते खरंच होतं. गावित सरांचंही तेवढंच मागणं, पुस्तक आहे एवढं लोकांना कळू द्या. मी खुलासा लिहिला. पाच ओळी. पुस्तक आहे, आमच्याकडेच होतं, चूक माझी. सवितानंच टाइप केला, एक अक्षर चुकलं नाही. मी सही केली आणि वरच्या मजल्यावर संपादकांकडे धाडला.

आज दोन हजार सहा. परवा एक कॉलेजची मुलगी प्रकल्पासाठी आली, तिच्या फायलीत माझा तो लेख, तेव्हा असं पुस्तकच नव्हतं याचा पुरावा म्हणून लावलेला! वर्तमानपत्र रोज निघतंय, खुलासा तेवढा अजून छापून यायचाय. वर जाऊन विचारलं की म्हणतात, खुलासा खाली पाठवला. खाली छपाईत विचारलं की म्हणतात, आला नाही.