दलालाची आंधळी चाल

मोठ्या खिशावाल्यासोबत तीनपत्ती खेळाले बसू नका रे. हसू नका, मी बसलो होतो म्हणून सांगतो.

आमच्या उंद्रीत मी बरा जिंकत होतो. तिथं सगळ्यांचे खिसे सारखेच. चांगले पत्ते आले की जोर लावायचा, समोरचा पळून जाये. महाराष्ट्र नवा नवा झाला तवा सायकल घ्याले खामगावले गेलो, अन् जिनिंगच्या मागं एका कापसाच्या दलालासमोर बसलो. हातात आले तीन बादशहा! त्याच्यावर फक्त तीन एक्के.

मी जोर लावला. दलाल पत्ते उचलेचना, आंधळीच चाल टाके. आंधळ्याले अर्धेच पैसे लागतात, अन् तो पत्ते पाहत नाही तोवर आपल्याले शो मागून दोघांचे पत्ते उघडे करता येत नाहीत.

"शेठ, पत्ते तरी पाहा ना," मी म्हटलं.

"काऊन बे? घाई तुले आहे, मले नाही," म्हणे, अन् पान चघळत आणखी नोटा टाकल्या.

सायकलीचे सारे पैसे गेले. उधारी चालत नव्हती. शेवटी तीन बादशहा पालथे टाकून डाव सोडला. त्यानं पैसे ओढले अन् आपले पत्ते न पाहताच गड्डीत मिसळू लागला.

"शेठ, आता तरी पाहा, काय होतं तुमच्यापाशी!"

"पाहून काय करू?" तो म्हणाला. "तुह्याशी मी पत्त्यानं थोडीच खेळत होतो?"